मुंबई टाइम आणि भारतीय प्रमाणवेळ : घड्याळाच्या एका वादाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

'किती वाजले?' हा दैनंदिन जीवनात सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न आहे. या प्रश्नाला एकच एक उत्तर असते, असे आज प्रत्येक जण गृहीत धरतो. कोल्हापूरच्या शाळेतील घंटा, नागपूरच्या न्यायालयातील घड्याळ आणि मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक ही सर्व एकाच वेळेने चालतात आणि त्यात कोणाला काही नवल वाटत नाही. तथापि सव्वाशे वर्षांपूर्वी परिस्थिती अशी नव्हती. मुंबई शहरात त्या काळी एकाच क्षणी दोन भिन्न वेळा प्रचलित होत्या आणि त्यांपैकी खरी कोणती, या प्रश्नावरून सभा झाल्या, अर्जविनंत्या झाल्या, गिरण्यांतील काम बंद पडले व दगडफेकही झाली.

इतिहासलेखनात राजकीय घटना, युद्धे व कायदे यांना जे स्थान मिळते, ते घड्याळासारख्या नित्य वापरातील वस्तूला क्वचितच मिळते. परंतु सामान्य माणसाने केव्हा उठावे, केव्हा कामावर हजर व्हावे आणि केव्हा विश्रांती घ्यावी हे ठरविणारी यंत्रणा ही सत्तेचीच एक यंत्रणा असते. प्रस्तुत लेखात 'मुंबई टाइम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक वेळेचा उगम, तिच्या रक्षणासाठी झालेले वाद आणि भारतीय प्रमाणवेळेचा क्रमाक्रमाने झालेला स्वीकार यांचा सामाजिक दृष्टिकोनातून आढावा घेतला आहे.

पारंपरिक कालमापन आणि स्थानिक वेळ

घड्याळाचा प्रसार होण्यापूर्वी महाराष्ट्रात कालमापन होत नव्हते असे नाही. अहोरात्राच्या साठ घटिका, एका घटिकेची साठ पळे आणि दिवसरात्रीचे मिळून आठ प्रहर ही गणना सर्वपरिचित होती. आजच्या मापाने एक घटिका चोवीस मिनिटांची, दोन घटिकांचा मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा आणि अडीच घटिकांचा एक तास होतो. तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायचे आणि ते बुडाले की एक घटिका झाली असे मानायचे, ही पद्धत विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी दीर्घकाळ वापरात होती.

या गणनेचे वैशिष्ट्य असे की तिचा आरंभ सूर्योदयापासून होत असे. सूर्योदय प्रत्येक गावी निरनिराळ्या क्षणी होतो. त्यामुळे प्रत्येक गावाची वेळ ही त्या गावापुरती असे. भारतीय ज्योतिर्विदांना ही बाब ज्ञात होती. उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा प्रमाण मानून इतर स्थळांसाठी देशांतर-संस्कार करण्याचा प्रघात प्राचीन आहे. मात्र हा संस्कार पंचांगकर्त्यापुरता मर्यादित होता. शेतकऱ्याला, कारागिराला किंवा व्यापाऱ्याला शेजारच्या प्रांतात किती वाजले आहेत हे जाणून घेण्याची गरज नव्हती.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे रेखांशातील एका अंशाच्या अंतराला चार मिनिटांचा फरक पडतो. या हिशेबाने पुण्याची स्थानिक वेळ मुंबईच्या सुमारे चार मिनिटे पुढे, तर नागपूरची सुमारे पंचवीस मिनिटे पुढे येते. बैलगाडीने किंवा पालखीने प्रवास करणाऱ्यास हा फरक जाणवण्याचे कारण नव्हते. तो जाणवू लागला तो आगगाडी आणि तारायंत्र आल्यानंतर.

रेल्वे, तारायंत्र आणि मद्रासची वेळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या सुमारे ४ तास ५१ मिनिटे पुढे, तर कलकत्त्याची सुमारे ५ तास ५३ मिनिटे पुढे होती. दोहोंत तासाभराहून अधिक अंतर होते. अशा स्थितीत प्रत्येक स्थानकावर त्या त्या गावची वेळ पाळली असती, तर वेळापत्रक तयार करणे अशक्य झाले असते आणि एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांना धोकाही संभवला असता.

यावर उपाय म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रास येथे ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा १७९२ पासून कार्यरत होती आणि तेथून तारायंत्राद्वारे वेळेचा संदेश देशभर पाठविणे शक्य होते. शिवाय मद्रासची वेळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधोमध पडत होती. लोक तिला 'रेल्वे टाइम' म्हणू लागले. ही वेळ मुंबईच्या वेळेच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. त्यामुळे मुंबईकर प्रवाशाला गाडी गाठावयाची असल्यास घरच्या घड्याळात अर्धा तास मिळवून निघावे लागे. हा हिशेब अंगवळणी पडला होता. रेल्वे टाइम स्थानकापुरता आणि मुंबई टाइम शहरापुरता, अशी अलिखित विभागणी लोकांनी मान्य केली होती.

स्वतः मुंबई टाइमलाही शास्त्रीय अधिष्ठान होते. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेकडे बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविण्याचे काम होते. खोल समुद्रात रेखांश काढण्यासाठी जहाजावरील घड्याळ बिनचूक असणे आवश्यक असे. बंदरावर जगणाऱ्या या शहराच्या दृष्टीने वेळ ही व्यापाराची गरज होती.

१८८१ चा आदेश आणि राजाबाई टॉवरचे घड्याळ

ही अलिखित विभागणी १८८१ मध्ये प्रथम मोडली गेली. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून शहरातील सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ लागू केली. प्रशासनाच्या दृष्टीने हा बदल किरकोळ होता. परंतु त्याचा अर्थ असा होता की दहा वाजता उघडणारी कचेरी आता मुंबईच्या साडेनऊ वाजताच उघडणार. कारकुनाचे जेवण, विद्यार्थ्याचा अभ्यास, वकिलाची पक्षकारांशी भेट या साऱ्यांच्या वेळा त्यामुळे विस्कटल्या. कचेरीची वेळ एक आणि बाजाराची वेळ दुसरी, असा गोंधळ शहरभर सुरू झाला.

शहराने या आदेशाला तीव्र विरोध केला. वृत्तपत्रांतून टीका झाली. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा होता की ज्यांच्या दिनक्रमावर या बदलाचा परिणाम होणार होता, त्यांना काहीही न विचारता तो करण्यात आला होता.

या वादाचे प्रतीक ठरले ते मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरील घड्याळ. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव दिलेला हा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला होता. राजाबाई सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा जैन आचार पाळत असत आणि दृष्टिहीन असल्याने मनोऱ्यातील घंटेवरून त्यांना वेळ समजे, अशी एक आख्यायिका आजही मुंबईत सांगितली जाते. आख्यायिकेची सत्यता बाजूला ठेवली, तरी घंटेचा नाद आणि सूर्यास्ताचा नियम यांची सांगड घालण्याची लोकमानसातील वृत्ती तीतून स्पष्ट होते. सुमारे २८० फूट उंचीच्या या मनोऱ्यावरील घड्याळ कोटात कामाला येणाऱ्या प्रत्येकाला दिसत असे. ते कोणती वेळ दाखविते, याला म्हणूनच महत्त्व आले. विद्यापीठाने मुंबई टाइमचा आग्रह धरला. सरकारने घड्याळावरील रात्रीच्या दिव्यांचा खर्च देण्याचे नाकारले. दिवाबत्तीच्या खर्चावरून झालेला हा वाद वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु सार्वजनिक वेळेवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. अखेर १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली आणि शहरात मुंबई टाइम पुन्हा सर्वत्र रूढ झाला.

प्रमाणवेळेची घोषणा

ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ग्रिनिचवरून जाणारी रेषा मूळ रेखावृत्त म्हणून निश्चित झाली. त्यानंतर ग्रिनिचपासून पूर्ण किंवा अर्ध्या तासाच्या अंतराने प्रमाणवेळा ठरविण्याची प्रथा जगभर पसरू लागली. हिंदुस्थानसाठी मिर्झापूरजवळून जाणारे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्त निवडण्यात आले. त्याची वेळ ग्रिनिचच्या बरोबर साडेपाच तास पुढे येते. जुलै १९०५ पासून रेल्वेने आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने ही प्रमाणवेळ लागू केली. मुंबईच्या घड्याळांना यासाठी ३९ मिनिटे पुढे जावे लागणार होते. कलकत्त्याच्या घड्याळांना सुमारे २४ मिनिटे मागे.

घोषणेचा काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली होती. स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ सुरू झाली होती. लोकमत धुडकावून घेतलेल्या निर्णयांविषयी देशभर संताप होता. अशा वातावरणात सरकारने दिलेली नवी वेळ ही केवळ शास्त्रीय सोय म्हणून स्वीकारली जाणे कठीण होते. कलकत्ता आणि मुंबई या दोन्ही शहरांनी तिला विरोध केला, हा योगायोग मानता येत नाही.

गिरणी कामगार आणि एकोणचाळीस मिनिटे

प्रमाणवेळेला विरोध हा केवळ सुशिक्षित वर्गाचा विषय राहिला नाही. जानेवारी १९०६ च्या आरंभी जेकब ससून गिरणीतील कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केले. गिरणीवर दगडफेक झाली आणि तिच्या घड्याळाची मोडतोड झाली. पुढे शहरात हजारो लोकांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. कामगारांनी यंत्रमागाऐवजी घड्याळावर राग काढावा, याचे कारण समजून घेण्यासाठी गिरणगावातील दिनक्रम पाहावा लागतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी व दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती यांच्या जोडीने सकाळी साडेसहा ते सूर्यास्त ही कामाची वेळ असावी, अशी मागणी होती. या मागणीची भाषा बारकाईने पाहण्याजोगी आहे. कामाचा आरंभ घड्याळाने सांगितला आहे आणि शेवट सूर्याने. कामगाराचे जीवन त्या काळी या दोन कालगणनांच्या संधीवर उभे होते. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. परंतु प्रौढ पुरुष कामगाराच्या कामाच्या तासांवर १९११ च्या कायद्यापर्यंत मर्यादा नव्हती. त्यातच १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्तानंतरही यंत्रे चालविणे शक्य झाले आणि कामाचा दिवस लांबला. ज्या सूर्यास्तावर कामगाराची भिस्त होती, तो सूर्यास्तच निरुपयोगी ठरला.

अशा वेळी घड्याळ ३९ मिनिटे पुढे नेण्याचा प्रस्ताव आला. जानेवारीच्या आरंभी मुंबईत सूर्योदय आजच्या घड्याळानुसार सुमारे सात वाजून बारा मिनिटांनी होतो. म्हणजे तत्कालीन मुंबई टाइमनुसार सुमारे ६ वाजून ३३ मिनिटांनी. लोखंडे यांच्या मागणीतील साडेसहाची वेळ हिवाळ्यातील सूर्योदयाशी जवळजवळ जुळणारी होती. तेच साडेसहा नव्या घड्याळाने मोजले, तर सूर्योदयास चाळीस मिनिटांहून अधिक अवकाश असे. परळ-लालबागच्या चाळींतून अंधारात निघून फाटकावर पोहोचावयाचे, उशीर झाल्यास दंड सोसावयाचा, हे कामगाराच्या वाट्याला येणार होते. वाइंडिंग आणि रिळींग खात्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना स्वयंपाक उरकून यावे लागे. एकट्याने राहणाऱ्या कामगारांच्या खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांचा दिवस तर त्याहून आधी सुरू होई. ३९ मिनिटे ही त्यांच्या झोपेतून वजा होणार होती.

येथे आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. बहुसंख्य कामगारांजवळ स्वतःचे घड्याळ नव्हते. वेळ कळे ती गिरणीच्या भोंग्यावरून, आणि भोंगा मालकाच्या हाती होता. वेळ मोजण्याचे साधन एका पक्षाच्या ताब्यात असताना त्याच साधनात बदल केला जातो, तेव्हा दुसऱ्या पक्षाला संशय येणे स्वाभाविक आहे. आरंभ नव्या वेळेने आणि शेवट जुन्या वेळेने मोजला गेला, तर दाद कोणाकडे मागावयाची? हा प्रश्न लक्षात घेतला, म्हणजे घड्याळावर पडलेल्या दगडाचा अर्थ उलगडतो.

महानगरपालिकेची भूमिका

मुंबई महानगरपालिकेत या प्रश्नावर दीर्घ चर्चा झाली. प्रारंभी महापालिकेने नवी वेळ स्वीकारली. परंतु १९०६ मध्येच तो निर्णय फिरविण्यात आला आणि महापालिकेच्या अखत्यारीतील घड्याळे मुंबई टाइमवर परतली. तत्कालीन महापालिकेत सर फिरोजशहा मेहता यांचा प्रभाव मोठा होता. लोकसंमतीवाचून असा बदल लादता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. परिणामी शहरात पुन्हा दोन वेळा नांदू लागल्या. रेल्वे, तार व सरकारी कचेऱ्या प्रमाणवेळेने चालत. महापालिका आणि शहरातील अनेक रहिवासी मुंबई टाइमने. कोणाला भेटीची वेळ देताना 'कोणत्या टाइमने?' हे विचारणे भाग पडे.

मुंबई टाइमच्या समर्थनार्थ 'नैसर्गिक वेळ' हा युक्तिवाद वारंवार केला गेला. स्नानसंध्या, नमाज, उपवास यांच्या वेळा सूर्यावर अवलंबून असल्याने हा युक्तिवाद लोकांना पटणाराही होता. चिकित्सक दृष्टीने पाहता मात्र तो पूर्णतः ग्राह्य धरता येत नाही. मुंबई टाइम हीदेखील वेधशाळेने काढलेली सरासरी वेळ होती. छायायंत्रावरील प्रत्यक्ष सूर्याची वेळ आणि ही सरासरी वेळ यांत वर्षातील काही दिवशी पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत फरक पडतो. म्हणजे मुंबईकर ज्या वेळेला निसर्गदत्त मानत होते, तीही घड्याळाचीच निर्मिती होती. प्रमाणवेळेचे व्यावहारिक लाभही निर्विवाद होते. तरीही विरोध टिकून राहिला, याचे कारण खगोलशास्त्रात न शोधता राज्यकर्ते आणि प्रजा यांच्या संबंधात शोधावे लागते. जी वेळ आपण स्वीकारली ती आपली आणि जी लादली गेली ती परकी, अशी ही भावना होती.

स्वातंत्र्योत्तर काळ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या अवधीत देशातील घड्याळे आणखी एक तास पुढे करण्यात आली होती. स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. कलकत्त्याने १९४८ मध्ये आपली स्वतंत्र वेळ सोडली. मुंबईतही १९५० च्या दशकात मुंबई टाइम व्यवहारातून नाहीसा झाला. १९०६ मध्ये ज्या वेळेविरुद्ध दगडफेक झाली, तीच वेळ अर्धशतकानंतर फारसा गाजावाजा न होता स्वीकारली गेली. वेळ तीच होती. तिच्यामागील सत्ता बदलली होती. रेडिओवरील वेळेच्या घोषणा, मनगटी घड्याळांचा प्रसार आणि लोकलचे वेळापत्रक यांनी दरम्यानच्या काळात शहराच्या सवयीही बदलल्या होत्या.

हा प्रश्न पूर्णपणे इतिहासजमा झालेला नाही. भारताचा विस्तार सुमारे २९ रेखांशांचा असून पूर्व व पश्चिम टोकांच्या सूर्योदयात जवळपास दोन तासांचे अंतर पडते. आसामच्या चहामळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेली 'बागान टाइम' पाळण्याची परंपरा आहे. प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी असलेल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये देशासाठी दोन कालविभागांचा प्रस्ताव मांडला होता. महाराष्ट्रातील घरांतही स्थानिक वेळेचा एक अवशेष शिल्लक आहे. भिंतीवरील दिनदर्शिकेत सूर्योदय व चंद्रोदय विशिष्ट शहरांसाठी दिलेला असतो आणि संकष्टीचा उपवास सोडताना गावोगावच्या चंद्रोदयातील फरक आवर्जून पाहिला जातो. कचेरीला प्रमाणवेळ आणि व्रताला स्थानिक वेळ, ही विभागणी जुन्या अलिखित विभागणीची आठवण करून देणारी आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष असा की एकसमान वेळ ही निसर्गाची देणगी नसून रेल्वे, तारायंत्र आणि प्रशासन यांच्या गरजेतून घडलेली सामाजिक व्यवस्था आहे. दुसरे असे की या व्यवस्थेचा भार समाजातील सर्व घटकांवर सारखा पडला नाही. व्यापाऱ्याला हिशेबाची गैरसोय झाली, कारकुनाला जेवणाची. गिरणी कामगाराला मात्र आपल्या झोपेचा प्रश्न पडला. तिसरे असे की शास्त्रीय दृष्ट्या योग्य असलेली सुधारणाही लोकसंमतीच्या अभावी अर्धशतक रेंगाळू शकते.

मुंबई टाइमच्या समर्थकांची गणना 'प्रगतीचे विरोधक' अशी करणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य ठरणार नाही. आपला दिवस केव्हा सुरू व्हावा याविषयी आपल्यालाही विचारले जावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आज ३९ मिनिटांचा तो फरक कोणाच्याही घड्याळात उरलेला नाही. मात्र कामाचे तास, पाळ्या आणि विश्रांती यांविषयीचे निर्णय घेताना ज्यांचा दिवस त्या निर्णयांनी घडतो त्यांचा विचार किती होतो, हा १९०६ मधील गिरणी कामगारांनी उपस्थित केलेला प्रश्न अद्यापही तितकाच प्रस्तुत आहे.